सेव्ह पॉइंटवरच सेव्ह कर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन आठवड्यांत सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम-यंत्राचे अकरा आरपीजी (पात्रांना वाढवत लांबलचक गोष्ट खेळायचे गेम) सुरू केलेस, एकही तडीस गेला नाही, आणि आता विचारतोस की क्रोनो ट्रिगर मोठा की फायनल फॅन्टसी 6. शिवाय खाली बारीक अक्षरात आणखी एक प्रश्न आहे: लोक ज्या गेमसाठी एवढे हमरीतुमरीवर येतात, त्यात मला काहीच का जाणवत नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देईन, जरा थांब. खरा प्रश्न दुसरा आहे, आणि त्याचं उत्तर तूच मधल्या एका ओळीत सहज लिहून गेला आहेस. एमुलेटरवर (जुना गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) दर लढाईआधी सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणाची अख्ख्या गेमची प्रत, घेतोस, हरलास की मागे जातोस, चालायचा भाग फास्ट फॉरवर्डवर टाकतोस.

मग तू खेळलास काय?

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पत्रभर सांगणार आहे: गेमनेच ठरवून दिलेल्या जागी, म्हणजे सेव्ह पॉइंटवरच सेव्ह कर. एमुलेटर वापर, मूळ कार्ट्रिज वापर, टीव्ही जुना असो वा नवा, त्याने फारसं बिघडत नाही. सेव्ह स्टेटने बिघडतं.

क्रोनो ट्रिगरमध्ये तुझ्या नायकावर मार्ल नावाच्या मुलीला पळवल्याचा खटला चालतो, तो घे. जत्रेत मार्लला धक्का लागतो, तिचं पेंडंट पडतं. तू आधी पेंडंट उचललंस की आधी तिची विचारपूस केलीस? टेबलावर ठेवलेला म्हाताऱ्याचा डबा खाल्लास? हरवलेलं मांजर त्या मुलीकडे पोचवलंस? मार्ल मिठाई निवडत होती तेव्हा तिला निवांत निवडू दिलंस की मध्येच ओढून नेलंस? गेम यातलं काहीही त्या वेळी बोलत नाही. पुष्कळ नंतर कोर्टात एकेक गोष्ट बाहेर काढतो आणि सात ज्युरी एकेक करून निकाल देतात. तू लिहितोस की निर्दोष ठरेपर्यंत स्टेट मागे नेत राहिलास. अरे, निर्दोष ठरलास तरी तीन दिवस तुरुंगातच जायचं असतं! सातही जण बाजूने गेले तर कोठडीत जादूची ताकद भरून देणाऱ्या इथरच्या काही बाटल्या मिळतात, एवढाच काय तो फायदा. त्या प्रसंगाची सगळी गंमत ‘अरेच्चा, ते पाहत होते तर’ या धक्क्यात आहे, आणि नेमका तोच तू खोडून टाकलास. 1995 सालच्या गेमने तुझ्यासाठी एवढा बारकाईने सापळा लावला आणि तू बाजूने वळसा घालून गेलास.

आता म्हणशील, हरल्यावर तासाभराची मेहनत वाया जाते त्याचं काय? इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, कारण हरल्यावर काय होतं ते पाहण्याआधीच बोटं लोड बटणावर गेलेली असतात. अर्थबाउंडमध्ये हरलास की नायक नेसचे पीपी (मानसिक शक्तीचे गुण) शून्यावर येतात, साथीदार बेशुद्धच राहतात आणि जवळचे निम्मे पैसे जातात. अनुभवाचे गुण मात्र जसेच्या तसे राहतात. आणि पैशांसाठी एटीएम आहेच: वडील खात्यात भरत राहतात, खिशात लागतील तेवढेच काढायचे. ड्रॅगन क्वेस्टमध्येही हिशेब साधारण तोच, निम्मं सोनं जातं आणि अनुभव राहतो. फायनल फॅन्टसी 6 मध्ये तर हरल्यावर शेवटच्या सेव्हवर परत येतोस तेव्हा मधल्या लढायांत वाढलेली लेव्हल टिकून असते, फक्त मिळालेल्या वस्तू आणि पैसे जातात. म्हणजे बॉसकडून तीनदा मार खाणारा खेळाडू चौथ्यांदा थोडा बळकट होऊन उभा राहतो. हरण्याची सोय करणाऱ्यांनी आधीच करून ठेवली आहे. स्टेट लोड केलंस की तू स्वतःच्या हाताने ती मिळकत फेकून देतोस. क्रोनो ट्रिगरमध्ये ही सवलत नाही, तिथे सरळ मागच्या सेव्हवर जावं लागतं. पण त्यात सेव्ह पॉइंट पुरेसे आहेत आणि जगाच्या नकाशावर कुठेही सेव्ह करता येतं.

फास्ट फॉरवर्डचं दुखणं वेगळं आहे. अर्थबाउंडमधला एचपीचा (उरलेल्या जिवाचा) आकडा गाडीच्या मीटरसारखा फिरतो. नेसचे एचपी 100 असताना 150 चा घाव बसला तर तो लगेच मरत नाही, आकडा एकेक करून खाली येऊ लागतो. तो शून्यावर पोचायच्या आत उपचार केलास किंवा शत्रू संपवलास तर वाचलास. त्या थोड्या सेकंदांत मेनूतून नेमकी ओळ शोधताना घाम फुटतो, आणि ती लढाई लक्षात राहते ती त्या घामामुळे. चौपट वेगावर हा आकडा तुझ्या बोटांपेक्षा जोरात पळतो. सुपर मारिओ आरपीजीमध्ये घाव बसताना योग्य क्षणी बटण दाबायचं असतं. वेग वाढवलास की तो क्षण उरतच नाही. फायनल फॅन्टसी 6 मध्ये शत्रूचा पुढच्या वारासाठीचा गेज भरत राहतो आणि तू अजून मेनूतच असतोस. तिथे घाई होत असेल तर त्यावरचा इलाज गेममध्येच दिलेला आहे. कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या पानावर) बॅटल मोड ‘वेट’ ठेव, म्हणजे जादूची किंवा वस्तूंची यादी उघडलेली असताना वेळ थांबते (मुख्य आज्ञांच्या मेनूत मात्र थांबत नाही, हे विसरू नकोस). बॅटल स्पीड 1 ते 6 आहे, 1 सगळ्यात जलद. हा आकडा शत्रूंचाच वेग ठरवतो, तुझ्या माणसांचा नाही. 5 किंवा 6 वर ठेव आणि निवांत खेळ, त्यात कमीपणा काही नाही.

हे पटत नसेल तर निदान तांत्रिक कारण तरी ऐक. सेव्ह स्टेटमध्ये कार्ट्रिजच्या सेव्हची प्रतही असते. मंगळवारचं स्टेट शुक्रवारी लोड केलंस की गेममधला खरा सेव्हही मंगळवारचा होतो, आणि एमुलेटर तोच फाइलमध्ये लिहून टाकतो. तीन दिवसांचा खेळ असा गुपचूप पुसला जातो आणि माणूस गेमला शिव्या घालत बसतो. काही एमुलेटरमध्ये स्टेट लोड करताना सेव्ह रॅमवर (कार्ट्रिजच्या सेव्हच्या जागेवर) लिहू नये असा पर्याय असतो, तो चालू कर. एसआरएम फाइलची, म्हणजे एमुलेटर ज्यात गेममधला सेव्ह ठेवतो तिची, प्रत वेगळ्या ठिकाणी ठेव. क्रोनो ट्रिगर किंवा फायनल फॅन्टसी 6 ची ती फाइल जेमतेम 8 केबीची असते, आणि दुसऱ्या एमुलेटरवर नेली तरी चालते. फक्त फाइलचं नाव रॉमच्या (गेमच्या फाइलच्या) नावाशी जुळायला हवं. स्टेटचं तसं नाही. एमुलेटरची आवृत्ती बदलली की ते उघडेलच याचा भरवसा नाही.

मूळ कार्ट्रिज घेणार असशील तर सेव्ह राहतो तो आतल्या सीआर2032 बॅटरीच्या जिवावर, आणि या बॅटऱ्या आता तीसेक वर्षांच्या झाल्या. 3.8 मिमीच्या गेमबिटने (या स्क्रूंसाठीच्या खास पेचकसाने) स्क्रू काढ, मल्टिमीटर लाव. नव्या बॅटरीला 3 व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसतात, 2.5 च्या खाली असेल तर बदलायची वेळ झाली. बॅटरी काढली की सेव्ह गेला, म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने त्याची प्रत संगणकावर घे. टॅब लावलेलीच बॅटरी आण. साध्या बॅटरीवर थेट सोल्डर केलंस तर उष्णतेने ती खराब होते, फुटूही शकते. अधिक-उणे बोर्डावर छापलेलं असतं, ते दोनदा बघ. आणि ही प्रत घेणं म्हणजे स्टेट घेणं नव्हे, हे तू विचारायच्या आधीच सांगून ठेवतो.

आता तुझा मोठा प्रश्न. माझ्या मते क्रोनो ट्रिगर जास्त नीट बांधलेला आहे आणि फायनल फॅन्टसी 6 जास्त धाडसी. क्रोनोमध्ये तिघांचीच टोळी नेता येते आणि दोघातिघांची मिळून होणारी टेक्निक त्या निवडीवर ठरते, त्यामुळे कोणाला घरी ठेवलं याला किंमत असते. फायनल फॅन्टसी 6 मध्ये 14 पात्रं आहेत, पण मॅजिसाइटमुळे (जादू शिकवणाऱ्या दगडांमुळे) पुढे जवळजवळ सगळ्यांना एकच जादू येते आणि सगळी एका मापाची होतात. हा त्याचा दोष आहे, आणि भक्त मंडळी तो मान्य करत नाहीत. उलट त्याच्या उत्तरार्धात जग मोडून पडतं आणि गेम तुझा हात सोडतो. सेलीस, एडगर आणि सेट्झर या तिघांना घेऊनही शेवटच्या मनोऱ्यावर जाता येतं, बाकीच्यांना शोधायचं की नाही ते तुझ्यावर. असं सोडून देणं क्रोनोला जमलेलं नाही. मी 6 च्या बाजूचा. पण तू आधी क्रोनो खेळ, 20-25 तासांत होतो, आणि संपल्यावर न्यू गेम प्लस आहे, म्हणजे कमावलेली ताकद घेऊन पुन्हा सुरुवात. दुसरे शेवट पाहायला स्टेट लागतच नाही.

नंतर अर्थबाउंड, मग 6. गणितं जुळवण्याचा नाद असेल तर फायनल फॅन्टसी 5, त्यातल्या 22 जॉबसाठी (पात्रांना बदलून देता येणाऱ्या कामांसाठी). आणि माझं म्हणणं पूर्ण पटलं की लुफिया 2 मधली एन्शंट केव्ह ही गुहा: 99 मजले, दर वेळी नवे, लेव्हल 1 पासून सुरुवात, आत सेव्ह नाही. निळ्या पेटीतली वस्तू तेवढी बाहेर नेता येते. तिथे स्टेट वापरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, नमस्कार करतो.

6 बद्दल दोन गोष्टी आधीच सांगतो. पहिली, मूळ आवृत्तीत इव्हेडचा (वार चुकवण्याचा) आकडा कामच करत नाही. शारीरिक घाव चुकवणंही मॅजिक ब्लॉकवरच (जादू चुकवण्याच्या आकड्यावरच) ठरतं. ढाल निवडताना तोच आकडा बघ. आणि उत्तर अमेरिकेच्या 1.0 आवृत्तीत रेल्म या पात्राची ‘स्केच’ ही आज्ञा हुकली तर वस्तूंची यादी आणि सेव्ह दोन्ही नासू शकतात. 1.1 मिळत असेल तर ती घे, नाहीतर दुरुस्तीचा पॅच लाव. माझ्या नियमात पॅच बसतो. करणाऱ्यांनी जे ठरवलं होतं ते चालू करणं वेगळं, आणि ठरवलेलं टाळणं वेगळं.

दुसरी गोष्ट: फ्लोटिंग कॉन्टिनेंट या तरंगत्या भूभागावरून पळताना घड्याळ 6 मिनिटांवरून उलटं चालू होतं. तू कडेला लवकर पोचशील आणि गेम विचारेल, उडी मारायची की थांबायचं. थांब. पुन्हा विचारेल. पुन्हा थांब. 5 सेकंद उरले की तुझा साथीदार शॅडो धावत येतो. आधी उडी मारलीस तर तो कायमचा गेला. हे सांगून मी तुझा धक्का हिरावून घेतला, म्हणजे माझाच नियम मोडला, हे कळतंय मला. पण गेम दोनदा विचारतो, ती खूण त्यातच आहे, मी फक्त तिच्याकडे बोट दाखवलं. आणि मिनिटभर त्या कड्यावर काही न करता उभं राहणं तुझ्यासारख्या फास्ट फॉरवर्डवाल्याला जमणार नाही, म्हणून सांगितलं. असू दे. तुला हे कारण पटलं नाही तरी मी ते मागे घेणार नाही.

तर जुनी सगळी स्टेट पूस आणि क्रोनो ट्रिगर नव्याने सुरू कर. सात ज्युरींपैकी किती तुझ्या विरोधात गेले ते कळव. डबा तू खाल्ला असशीलच.

तुझा,
हट्टी म्हातारा