तबकडी दिसेनाशी झाली, मग तळं बिघडलं का?

प्रश्न: आम्ही तिघंचौघं तळ्यात सेची डिस्क (दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी) सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजतो. गेल्या वर्षी डिस्क २ मीटरपर्यंत दिसायची, यंदा जेमतेम १. शेवाळ वाढतंय असं समजायचं का? फॉस्फरसची टेस्टपण करावी लागेल का?

उत्तर: एवढ्यावर लगेच तळ्याला नावं ठेवू नका हो. आधी सांगा, यंदा डिस्क सोडली तेव्हा ऊन होतं का ढग, बोटीच्या सावलीतून बघितलं का उन्हातून, आणि आदल्या दिवशी पाऊस पडून गढूळ पाणी आलं होतं का? हे वहीत नसेल तर दोन आकडे शेजारी ठेवून काय उपयोग. जागा तीच, वेळ साधारण तीच, आणि दिसेनाशी होते ती खोली अन् वर ओढताना पुन्हा दिसते ती, दोन्हींची सरासरी काढायची.

कार्लसन नावाच्या तळ्यांच्या अभ्यासकाने १९७७ मध्ये जो इंडेक्स दिला (गुण जास्त म्हणजे तळ्यात शेवाळ जास्त) त्यात नितळपणा निम्मा झाला की १० गुण वाढतात, म्हणजे तुमचं तळं ५० वरून थेट ६० वर गेलं, ऐकायला भयंकरच. पण डिस्कला गाळ आणि शेवाळ यातला फरक कळत नाही! म्हणून सोबत क्लोरोफिल (शेवाळातलं हिरवं द्रव्य) आणि टोटल फॉस्फरस (शेवाळाचं खत, पाण्यातलं एकूण) बघायचं. क्लोरोफिलवरून काढलेला इंडेक्स बराच कमी आला तर बहुतेक गाळच आहे. आणि सॅम्पलची बाटली डिटर्जंटने धुऊ नका, काहींमध्ये फॉस्फेट असतं, मग तळ्याऐवजी साबणच मोजून बसाल (हसू नका, होतं असं). तळाचं पाणीपण घ्या, कारण तिथला ऑक्सिजन संपला की चिखलात अडकलेला फॉस्फरस सुटून वर येतो, बाहेरून येणारं सांडपाणी बंद केलं तरी.

अमेरिकेतल्या लेक वॉशिंग्टनचं बघा. तिथे १९६३ ते ६८ मध्ये सांडपाणी दुसरीकडे वळवलं, फॉस्फरस उतरला, पाणी सुधारलं. मग १९७६ च्या सुमाराला डॅफ्निया नावाचे बारीक जीव वाढले, त्यांनी शेवाळ खाल्लं आणि पाणी अजून नितळ झालं. कोणत्या वर्षी कशामुळे फरक पडला हे सांगता आलं कारण मोजणं वर्षानुवर्षं चालू होतं, मधेच कोणी कंटाळलं नाही. तुमची दोनच वर्षं झालीत, दर पंधरा दिवसांनी एक रीडिंग चालू ठेवा, आणि ढग-पाऊस-वारा त्याच ओळीत लिहा.