शनिवारी अकरा वाजता

ताई, मी चाकणला कंपनीत कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीने घटस्फोट झाला. मुलगी सात वर्षांची, ताबा तिच्या आईकडे. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी अकरा ते पाच ती माझ्याकडे, असं अटींत लिहिलंय. चार महिने झाले, एकदाही पाठवली नाही. कधी ताप, कधी क्लास, कधी 'तिलाच यायचं नाही'. पोलिसांनी 'कोर्टात जा' म्हणून परत पाठवलं. वकिलाची फी झेपत नाही. पोटगी बंद करू, का शाळेतूनच तिला घेऊन येऊ?
— एक बाबा

दादा,

शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देते, कारण उद्याच काहीतरी करून बसाल अशी भीती वाटते. दोन्ही करू नका. पोटगी लेकीच्या जेवणाची आणि शाळेची आहे. ती थांबवलीत की वसुलीचा अर्ज तुमच्यावर येईल आणि तुमचे शनिवार राहतील बाजूला. शाळेच्या फाटकात ओढाताण झाली, तर 'तिलाच यायचं नाही' हे तुम्हीच खरं करून द्याल.

पोलिसांचं फारसं चुकलं नाही. भेटीचा आदेश दिवाणी असतो, ज्या कोर्टाने दिला त्यानेच तो राबवायचा. आणि त्या कोर्टात वकील नसणं ही तुम्हाला वाटते तेवढी अडचण नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क धरलेलाच नाही. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाजूला काळा कोट उभा असतो, ती गोष्ट वेगळी! कलम १४ तर पुराव्याचे नेहमीचे काटेकोर नियमही सैल करतं. वाद सुटायला उपयोगी पडेल असं न्यायाधीशांना वाटलं, तर साधा निरोपसुद्धा ते बघू शकतात.

म्हणून निकालाची आणि संमतीच्या अटींची प्रमाणित प्रत काढून घ्या, घरातल्या झेरॉक्सवर जाऊ नका. मग एका कागदावर ते सगळे शनिवार लिहा. तारीख, तुम्ही कुठे किती वाजता उभे होता, काय उत्तर आलं. बस, एवढंच. मूळ पत्रात तुम्ही मुलीच्या आईला सात वेळा 'ती बाई' म्हटलंय, मी छापताना काढलं. अर्जात तेवढी मेहनत न्यायाधीश घेणार नाहीत, ते फक्त वाचतील.

अर्ज मराठीत करा. त्यात शिक्षा मागू नका, शनिवार मागा. बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा दिवस, मुलगी सोपवण्याची एक ठरलेली जागा, आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, आणि पहिल्या दोन-तीन भेटी हव्या तर समुपदेशकांसमोर. व्हिडिओ कॉलची मागणी भलतीच वाटू देऊ नका. मूल दोन्ही पालकांच्या संपर्कात राहावं, प्रत्यक्ष जमत नसेल तिथे फोनवर तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. कोर्ट तुम्हा दोघांना समुपदेशकांकडे पाठवण्याची शक्यता बरीच आहे. 'पुन्हा तेच' म्हणून तोंड वाकडं करू नका, असे कितीतरी शनिवार त्या खोलीतच सुटतात.

तिथेही अडलं, तर दरखास्त, म्हणजे आदेश बजावून घेण्याचा अर्ज. कलम १८ मुळे या कोर्टाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. मुद्दाम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती, अगदी दिवाणी तुरुंगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. अवमानाचा अर्ज उच्च न्यायालयात होतो आणि त्याला एका वर्षाची मुदत असते. पण सात वर्षांच्या पोरीच्या आईला तुरुंगाची धमकी देऊन तुम्ही पोरीला काय सांगणार आहात? हे हत्यार आहे एवढं माहीत असू द्या. दरखास्तीपर्यंत गेलात तर मात्र वकील हवाच. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. उत्पन्न मर्यादेत असेल, किंवा तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतले असाल, तर तो मोफत मिळतो. तारखांना रजा मात्र तुमच्याच जातील.

आता 'तिलाच यायचं नाही' याबद्दल. हे कोणी पढवलेलं असेलही. पण खरं असलं तर? सात वर्षांच्या मुलीला चार महिने म्हणजे केवढा काळ. आणि अकरा ते पाच या सहा तासांत तुमच्या खोलीवर ती काय करायची, हे पत्रात कुठेच नाही. मोबाइल हातात देऊन तुम्ही रात्रपाळीची झोप काढत होता का? रागावू नका, विचारते आहे. तसं असेल तर समुपदेशकांना तुम्हीच आधी सांगा.

येत्या शनिवारच्या आदल्या दिवशी तिच्या आईला एक ओळ पाठवा : 'उद्या अकरा वाजता येतो, ताप असेल तर पाच मिनिटं भेटून जाईन.' आणि अकराला पाच मिनिटं असताना फाटकाशी उभे राहा. कोणी आलं नाही तर साडेअकराला घरी जा आणि कागदावर पुढची ओळ लिहा.

— ताई