बाबांनाच विचार

अगं, रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला आणि चहा तसाच गार झाला. डॉक्टर म्हणतात आता केमो थांबवू, आई म्हणते बाबांना काही सांगायचं नाही, दादा बंगळुरूवरून फोन करून म्हणतो अजून एका हॉस्पिटलला दाखवू, आणि या सगळ्यांच्या मधे तू एकटी. फोनवर मला रडू येईल म्हणून लिहितेय.

आमच्या अण्णांना आम्ही विचारलंच नाही. विचारलं तर ते खचतील असं वाटायचं. शेवटचे अकरा दिवस आयसीयूत गेले, नळी ओढून काढतात म्हणून हात कॉटला बांधलेले, संध्याकाळी पंधरा मिनिटं भेट, आणि मला आजही डोळ्यासमोर येतो तो त्यांच्या मनगटावरचा पट्टीचा लाल वळ. व्हेंटिलेटरच्या फॉर्मवर सही माझी होती. तेव्हा तेच बरोबर वाटलं, पण अण्णांना ते हवं होतं का हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून माझ्या आईला आधीच विचारलं. दुपारी मेथी निवडत बसलो होतो, मी म्हटलं आई, उद्या तुला बोलता आलं नाही तर आम्ही काय करायचं? तिने मान वर न करता सांगितलं, नळ्या नकोत, माझ्या खोलीत ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. ती वाटच बघत होती गं कोणी विचारायची! आणि हे नुसतं तोंडी ठेवायची गरज नाही. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं, त्याला लिव्हिंग विल म्हणतात. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली, आधी त्यासाठी मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागायचं, जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. बाबा शुद्धीवर आहेत, नीट बोलतायत, तोवरच हे होतं. एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे दे आणि दादाला कॉलवर घेऊन बाबांच्या तोंडून ऐकव, नाहीतर शेवटच्या रात्री भावाबहिणीत जे होतं ते मी बघितलंय.

केमो थांबली म्हणजे उपचार थांबले असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. दुखणं, धाप, उलटी यांवर शेवटपर्यंत औषध असतं, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तिथे कॅन्सरच्या पेशंटची सेवा मोफत होते, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नकोस, सांगितलेल्या डोसमध्ये ते दुखण्यावरचंच औषध आहे, फक्त बद्धकोष्ठ होतं म्हणून त्याची गोळी सोबत मागून घे.

घरी आणलंस की दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लाल दिसलं की लगेच डॉक्टरांना सांगायचं, एअर बेड भाड्याने मिळतो. रात्री अचानक भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले तर वेड लागलं समजून रडत बसू नकोस, युरिन इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झाल्यानेही असं होतं आणि बऱ्याचदा उपचाराने उतरतं. पुढे पुढे ते जेवण नको म्हणतील, तेव्हा आई चमचा घेऊन मागे लागेल. तिला हळूच सांग की खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, शरीरच आता मागत नाहीये. ओठ ओले ठेवा, तेवढं पुरे.

नॉमिनी, बँक, एफडी हे एका दुपारी बाबांसोबतच बसून बघून घे, त्यात लाजायचं काही नाही.

आणि एक, कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. एखाद्या रात्री तुझ्या मनात येईल की आता सुटले तर बरं. माझ्याही आलं होतं, आईच्या उशाशी बसलेली असताना. त्याने तू वाईट मुलगी होत नाहीस, तू तीन रात्री झोपलेली नसतेस फक्त. तेव्हा मला फोन कर, कितीही वाजले असू देत.

शनिवारी मी येतेय, रात्री मी बसते, तू झोप. बाबांच्या पायाची नखं वाढलीयत म्हणालीस ना, मी येईपर्यंत थांबू नकोस, अंघोळ घातल्यावर काप, तेव्हा मऊ झालेली असतात.

तुझी
ताई