ताण की आजार? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. अवकाळीनं यंदा घड कुजले, सोसायटीचं कर्ज थकलं. महिना झाला, आमचे मालक पहाटे तीनला जागे होतात आणि आढ्याकडे बघत पडून राहतात. बागेत पाय टाकत नाहीत. सासूबाई म्हणतात, कर्ज फिटलं की आपोआप बरे होतील. हे खरं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, सासूबाईंचं म्हणणं ताणाला लागू पडतं, आजाराला नाही. ताणातला माणूस चिडतो, बँकेत खेटे घालतो, रात्री कूस बदलत पडतो, पण एकदा डोळा लागला की झोपतो. नातवंडानं काही गंमत केली तर हसतो. तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. पहाटे खाडकन जाग येणं, सकाळी मन सगळ्यात जड असणं आणि संध्याकाळी जरा हलकं वाटणं, ज्या बागेवर जीव होता तिच्यावरूनच मन उडणं, ही नैराश्याच्या आजाराची ओळखीची खूण आहे. भूक मंदावली आहे का, वजन उतरलं आहे का, हालचाल आणि बोलणं संथ झालं आहे का, ‘माझ्यामुळंच सगळं बुडालं’ असं म्हणतात का, हेही बघा. अशी पाच किंवा जास्त लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ टिकली आणि कामधंदा थांबला, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. तुमच्याकडे महिना झालाय.

मग कर्जामुळं आजार झाला का? पाऊस साऱ्या गावावर पडला, आजारी मात्र सगळे पडले नाहीत. घराण्यात कुणाला असा त्रास असणं, आधी एखादा मोठा धक्का बसलेला असणं, दारू, थायरॉइड, जुनं दुखणं यातलं काही ना काही पुष्कळदा आधीपासून असतं आणि कर्ज त्यावर शेवटचा भार टाकतं. एकदा आजार सुरू झाला की कर्ज माफ झालं तरी तो आपोआप जाईलच असं नाही. म्हणून थांबू नका.

आजच दोन कामं करा. पहिलं, त्यांना शांतपणे, थेट विचारा : ‘जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही; उलट मनात कोंडलेलं बोलायला वाट मिळते. दुसरं, फवारणीची औषधं घरातून आणि बागेतल्या खोलीतून हलवा. दीर किंवा शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवा, किल्ली त्यांच्याचकडे राहू द्या. जीव द्यावा अशी तीव्र उबळ पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात हाताशी विष नसलं तर माणूस वाचू शकतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

मिरजेच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगतील. थायरॉइड मंदावल्यावर किंवा बी-१२ घटल्यावर माणूस असाच दिसू शकतो. नैराश्याची गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते आणि गुण मात्र दिसत नाही. इथंच पुष्कळ जण ती सोडतात. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरा परिणाम कळायला सहा तरी. एक सावधगिरी : पुष्कळदा अंगात बळ आधी येतं, मनाची उभारी मागाहून. म्हणून पहिले काही आठवडे लक्ष जास्त ठेवा. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करूनच. झोपेसाठी दारू नको, ती उत्तररात्रीची झोप मोडते. ‘मन घट्ट करा’ हे सांगून होत नाही; सकाळी सोबत जाऊन बागेच्या दोन ओळी चालून या, तेवढं पुरे.

प्रश्न : माझ्या मावशीला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार) आहे. लग्नाच्या बैठकीत हे सांगितलं आणि स्थळ मोडलं. आजार पुढच्या पिढीत येतोच का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. सर्वसाधारण माणसाला हा आजार होण्याची शक्यता साधारण एक टक्का असते. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर दहाच्या आसपास, मावशी-काकांना असेल तर दोन ते चार टक्के. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तर दुसऱ्याला जवळजवळ निम्म्या वेळा होत नाही. गांजापासून लांब राहा, वारसा असलेल्या घरात तो धोका वाढवतो. तुम्ही खरं सांगितलंत ते योग्यच केलंत.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. लोकलमध्ये अचानक छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं. दोनदा ईसीजी नॉर्मल आला. आता गाडीत चढायचीच भीती वाटते. पर्समध्ये अल्प्राझोलाम (भीती शमवणारी गोळी) ठेवते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ईसीजी नॉर्मल आहे, टीएसएच केली नसेल तर तेवढी करून घ्या. वर्णन पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं आहे. धोका नसताना शरीर पळून जाण्याची तयारी करतं, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळं चक्कर, मुंग्या येतात. म्हणून ‘मोठा श्वास घे’ हा सल्ला उलटा पडतो. श्वास सोडण्यावर भर द्या : चार मोजत नाकानं आत, सहा मोजत बाहेर, पोट हलू द्या, खांदे नकोत. घरी रोज दोनदा पाच-पाच मिनिटं सराव करा, नाहीतर ऐन वेळी जमत नाही. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो.

खरा घोळ पुढं होतो. घाबरून तुम्ही कोपरला उतरलात, जिवाला बरं वाटलं, आणि मन शिकलं की ‘उतरले म्हणून वाचले’. पुढच्या वेळी भीती दुप्पट. ते उलटवायला दुपारची, गर्दी नसलेली स्लो लोकल धरा. पहिल्या आठवड्यात बहिणीसोबत फक्त कोपर, रोज. मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. नंतर एकटीनं, मग गर्दीच्या वेळी. भीतीला दहापैकी गुण द्या. ती निम्मी झाल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका. मानसोपचारात हे सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) भाग म्हणून शिकवतात, समुपदेशक सोबत असेल तर चांगलंच.

अल्प्राझोलामनं तात्पुरता आराम पडतो, पण रोज घेतली तर काही आठवड्यांत सवय लागते. रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर ती टप्प्यानं उतरवतील.

प्रश्न : आई ५२ वर्षांची, बायपोलरचा (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) आजार, लिथियम या मनाचा तोल राखणाऱ्या गोळीवर ठणठणीत आहे. यंदा वारीला पायी जायचं म्हणते. पाठवू का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : डॉक्टरांना विचारून, सोबतीला जाणतं माणूस देऊन पाठवता येईल. लिथियम मीठासारखाच मूत्रपिंडातून जातो. दिवे घाटात घाम गेला, अंगातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. मग नेहमीचीच गोळी विषारी ठरू शकते. जुलाबात तेच होतं. म्हणून तहानेची वाट न बघता पाणी, आणि जेवणातलं मीठ नेहमीइतकंच. एकादशीचा उपवास निर्जळी नको.

गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्यांनी रक्तातली लिथियमची पातळी चढते; पॅरासिटॅमॉल चालेल. बीपीच्या काही गोळ्याही पातळी वाढवतात, त्या डॉक्टरांना दाखवा. निघण्याच्या आठवडाभर आधी लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा. रात्रीची गोळी नऊला घेतली तर रक्त सकाळी नऊला द्या, बारा तासांचं अंतर हवं. पातळी साधारण ०.६ ते १.० (mEq/L) मध्ये असावी. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

चहाचा कप जरा थरथरणं नेहमीचं असू शकतं. हात इतका कापला की चहा सांडतो, उलटी-जुलाब, जीभ जड, चालताना तोल जाणं, असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच रुग्णालय गाठा. लिथियम घेते हे आधी सांगा. चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा.

झोपेलाही जपा. रात्री उशिरापर्यंत कीर्तन आणि पहाटेच कूच, असं चार दिवस झालं तर आजार उसळू शकतो. तीन तास झोपूनही ताजीतवानी दिसली, बोलणं थांबेना, पैसे वाटायला लागली, तर भक्तीचा उत्साह समजून सोडून देऊ नका. त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि पुढचा टप्पा गाडीनं करा.