फ्रेंच कवितेला चाल लावताना संगीतकार नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न असा आहे की शूबर्टची जर्मन गाणी शब्द न कळताही लगेच मनात बसतात, पण फोरे, देब्यूसी यांची फ्रेंच गाणी पुन्हापुन्हा ऐकूनही धरता येत नाहीत. तर हे संगीतकार कवितेचं नेमकं करतात तरी काय? मी फ्रेंच शिकवते आणि ही गाणी (फ्रान्समध्ये यांना 'मेलोदी' म्हणतात) अनेक वर्षं गाते आहे. हा माझ्या फार जवळचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

कारण आधी भाषेत शोधायला हवं, चालीत नंतर. जर्मन शब्दाला स्वतःचा ठळक आघात असतो. संगीतकारानं तो आघात तालाच्या जोरकस मात्रेवर ठेवला की ओळ आपोआप उभी राहते. फ्रेंच शब्दाला असा स्वतंत्र आघात नसतो. दोन-चार शब्दांचा मिळून एक गट होतो आणि त्या गटाचं शेवटचं अक्षर थोडं लांबतं, एवढंच. आधीची अक्षरं जवळपास सारख्या वजनानं सरकत जातात. अशा ओळीवर पक्का ठेका लादला तर जोर भलत्याच ठिकाणी, एखाद्या अव्ययावर नाहीतर शब्दाच्या मधल्याच अक्षरावर पडतो आणि फ्रेंच कानाला ते खटकतं. म्हणून चांगला फ्रेंच संगीतकार ठेका लपवतो. कुठे दोनाच्या चालीत मध्येच तीन-तीन स्वर घालतो, कुठे ओळ जोराच्या मात्रेनंतर सुरू करतो आणि गटाचं शेवटचं अक्षर तेवढं ठळक जागी आणून ठेवतो. तुम्हाला चाल धरता येत नाही ती यामुळेच. धरायला ठेका शोधण्यापेक्षा वाक्य कुठे टेकतंय तिकडे कान लावा.

हे सगळ्यांना पहिल्यापासून साधलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या दिवाणखान्यांत जी गाणी चालत त्यांत सगळ्या कडव्यांना एकच चाल असे. पहिल्या कडव्याला बसलेली चाल तिसऱ्याला बसली नाही तरी कुणी फारसं मनावर घेत नसे. 1830 च्या दशकात आदोल्फ नूरी या गायकानं शूबर्टची गाणी फ्रेंच भाषांतरात लोकांसमोर आणली आणि अपेक्षा बदलल्या. मग बर्लिओझनं तेओफील गोतिएच्या सहा कविता घेऊन 'ले न्वी देते' (उन्हाळ्यातल्या रात्री) हा संच 1841 मध्ये पुरा केला. ती सुरेख गाणी आहेत, पण भाषेशी खरी झुंज पुढच्या पिढीनं घेतली.

झुंजीचं मुख्य ठिकाण म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा मुका 'ए'. बोलताना तो गळतो. छंदात मात्र पुढे व्यंजन आलं की तो पूर्ण अक्षर म्हणून मोजला जातो आणि गाताना त्याला वेगळा स्वर द्यावा लागतो. मराठी वाचकाला हे पटकन कळेल, कारण आपल्याकडेही असंच घडतं. 'सदा सर्वदा योग तूझा घडावा' हा श्लोक म्हणून पाहा. बोलताना आपण 'योग्' म्हणतो, पण वृत्तात 'यो' आणि 'ग' ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. 'ग' मधला 'अ' गिळला की वृत्त मोडतं.

आता कवी व्हेर्लेनची प्रसिद्ध ओळ घ्या: 'इल प्लर दाँ मों कर', म्हणजे माझ्या काळजात रडू कोसळतंय. बोलताना इथे पाचच अक्षरं होतात. कवितेत सहा आहेत, कारण 'प्लर' मधला शेवटचा 'र' वेगळा मोजायचा. पुढची ओळ आहे 'कॉमिल प्ल स्यूर ला व्हील', जसा गावावर पाऊस पडतो तसं. इथे पहिल्या शब्दातला मुका 'ए' पुढच्या स्वरात विरून जातो आणि 'व्हील' मधला मुका 'ए' ओळीच्या अगदी शेवटी असल्यामुळे मोजणीत धरतच नाहीत. तरीही गाताना त्याला बहुतेक वेळा एक हलका, सुटता स्वर मिळतो. दोनच ओळी, पण तीन ठिकाणी तीन वेगळे न्याय. संगीतकाराला हे प्रत्येक ओळीत ठरवावं लागतं, आणि तो मुका 'ए' किती लांबवायचा, किती झाकायचा यावरच गाणं दरबारी होणार की घरगुती हे अवलंबून असतं.

देब्यूसीनं ही कविता 1887 च्या सुमारास 'आरिएत ऊब्लिए' या संचात घेतली. पियानोवर पाऊस अखंड चालू असतो आणि गाण्याच्या माथ्यावर सूचना आहे: दुःखी आणि एकसुरी. आवाज त्या पावसावर मुका 'ए' न लपवता, अलगद टाकत जातो. पुढे कवी स्वतःलाच विचारतो की कुणी दगा दिलेला नाही, मग हे सुतक कशाचं? त्या जागी पावसाची हालचाल थांबते आणि गायिका जवळजवळ बोलू लागते. कवितेत तिथे उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह आहे. देब्यूसीनं ती दोन्ही चिन्हं पियानोला गप्प करून दाखवली. मला ही जागा त्याच्या सगळ्या गाण्यांत सर्वांत प्रामाणिक वाटते. फोरेनंही पुढच्याच वर्षी ही कविता 'स्प्लीन' नावानं स्वरबद्ध केली. ती सुंदर आहे, पण मला देब्यूसीचीच खरी वाटते.

'क्लेर द ल्यून' (चांदणं) या व्हेर्लेनच्याच कवितेबाबत मात्र माझा कौल फोरेकडे आहे. कविता म्हणते: तुमचं मन हा एक निवडक देखावा आहे, त्यात मुखवटे घातलेले लोक ल्यूट वाजवत, नाचत फिरतात, पण त्या वेषाआड ते जवळजवळ उदासच आहेत. फोरेनं 1887 मध्ये काय केलं? पियानोला एक स्वयंपूर्ण मिन्युएट नाच दिला. पियानो बराच वेळ एकटाच वाजतो, नाच आपल्या तंद्रीत चालू राहतो आणि आवाज वाक्याच्या मध्यातून यावा तसा त्यात शिरतो. पियानो गायिकेची साथ करत नाही, तिची वाटही पाहत नाही. कवितेतले मुखवटेवाले आपल्याच नादात असतात तसंच हे आहे, आणि त्यासाठी फोरेला एकही शब्द रंगवावा लागलेला नाही.

देब्यूसीनं ही कविता दोनदा घेतली. पहिली चाल 1882 ची, विशीतली, तो ज्यांना साथ करत असे त्या मादाम व्हानिए यांच्या उंच, चपळ आवाजासाठी. दुसरी 1891 ची. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की नऊ वर्षांत तो काय शिकला ते कानाला कळतं: पहिल्या चालीत आवाजाची कमाल दाखवायची हौस आहे, दुसरीत कवितेच्या वाचनाच्या जवळ जाणारा संयम.

याच कवितेत एक पेच आहे. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'काझी' (जवळजवळ) हा शब्द येतो आणि 'त्रिस्त' (उदास) हा शब्द चौथ्या ओळीच्या सुरुवातीला. ओळीच्या शेवटी थांबलं तर यमक ऐकू येतं, पण अर्थ तुटतो. न थांबता पुढे गेलं तर अर्थ जुळतो, पण यमक हरवतं. फोरे आणि देब्यूसी ऐकताना या एका जागेकडे मुद्दाम लक्ष द्या. वाचताना आपण दोन्ही अर्धं-अर्धं सांभाळू शकतो. संगीतकाराला मात्र कागदावर एकच काहीतरी लिहून द्यावं लागतं.

संगीतकार कविता कापतातही. बोदलेरची 'लँव्हितास्यों ओ व्होयाज' (प्रवासाचं आमंत्रण) तीन कडव्यांची आहे. आंरी द्यूपार्कनं 1870 मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिला चाल लावली आणि मधलं कडवं गाळून टाकलं. त्या कडव्यात चकाकणारं फर्निचर, दुर्मीळ फुलं, खोल आरसे असलेली खोली आहे. उरलेल्या दोन कडव्यांत आभाळ, ओलसर सूर्य, कालव्यांवर झोपलेली जहाजं. म्हणजे खोली गेली आणि मोकळा उजेड राहिला. कवितेच्या ओळी पाच आणि सात अक्षरांच्या, विषम आहेत, त्यामुळे त्या चौकोनी चालीत बसतच नाहीत. द्यूपार्क त्यांना हेलकाव्याच्या लयीत सोडतो, आणि खाली डाव्या हातात नुसते सा आणि प धरून ठेवतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे गाणं पहिल्याच ऐकण्यात आपलं वाटतं, असा माझा विद्यार्थ्यांबाबतचा अनुभव आहे. 'तिथे सगळं सुव्यवस्था आणि सौंदर्य' हे धृवपद पहिल्यांदा आलं की हेलकावा थांबतो, पियानोवर फक्त स्थिर स्वरसमूह उरतात आणि आवाज जवळजवळ एकाच स्वराभोवती राहतो. द्यूपार्कची अशी जेमतेम सतराएक गाणी उरली आहेत. 1885 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, आजारपणामुळे त्याचं लिहिणं थांबलं आणि पुढे तो 1933 पर्यंत जगला.

मुका 'ए' उडवून टाकण्याचं धाडस राव्हेलनं केलं. 'इस्त्वार नात्युरेल' (1906) मध्ये त्यानं कविता घेतलीच नाही, झ्यूल रनारचं गद्य घेतलं: मोर, रातकिडा, हंस, खंड्या आणि गिनी कोंबडी. बोलताना जो स्वर आपण गिळतो तो त्यानं गाण्यातही गिळला. 12 जानेवारी 1907 ला झान बातोरी यांनी ही गाणी पहिल्यांदा गायली, पियानोवर स्वतः राव्हेल होता, आणि सभागृहात गोंधळ उडाला. गंभीर संगीताच्या मैफलीत ही तमाशाच्या थिएटरातली भाषा कशाला, असा श्रोत्यांचा सूर होता. रनारनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की त्यानं राव्हेलला विचारलं होतं, तू माझ्या मजकुरात काय भर घालणार? राव्हेलचं म्हणणं होतं की मला भर घालायची नाही, तुम्ही शब्दांनी जे सांगता ते मला स्वरांनी सांगायचं आहे. मोराचं गाणं ऐका. लग्नाच्या तयारीनं निघालेला, वधू न आलेला मोर, आणि त्याची ऐट पियानोच्या भारदस्त चालीत. आवाज मात्र शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगावं तसा. त्या काळच्या श्रोत्यांना जे असभ्य वाटलं ते मला या प्रकारातलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

सगळ्यात अवघड कवी मालार्मे, कारण त्याचं वाक्यच गुंतागुंतीचं. 1913 मध्ये देब्यूसी आणि राव्हेल या दोघांनीही, एकमेकांना न सांगता, त्याच्या तीन-तीन कविता निवडल्या आणि त्यांतल्या दोन त्याच निघाल्या. राव्हेलला परवानगी आधी मिळाली होती. देब्यूसीची अडली, आणि ती सुटावी म्हणून राव्हेलनंच मदत केली. देब्यूसीनं फक्त पियानो वापरला. राव्हेलनं पियानोबरोबर चार तंतुवाद्यं, दोन बासऱ्या आणि दोन क्लॅरिनेट घेतले. शब्दांचा गुंता राव्हेलकडे वाद्यांच्या रंगांत उलगडतो. देब्यूसी तो उलगडायला जातच नाही.

पुढच्या पिढीतल्या पुलँक या संगीतकारापाशी प्रश्न पुन्हा बदलला. अपोलिनेरनं 1913 च्या 'आल्कूल' या संग्रहातून विरामचिन्हं काढूनच टाकली होती. आता ओळ कुठे तुटते, कुठे पुढच्या ओळीत वाहते हे कवी सांगत नाही, मग चाल लावणाऱ्यालाच श्वासाच्या जागा ठरवाव्या लागतात. पुलँक कविता मोठ्यानं पुनःपुन्हा म्हणत असे. एखादी ओळ ज्या स्वरपट्टीत सुचली ती त्याच पट्टीत ठेवून, ओळींमधले सांधे तो नंतर जुळवे. अपोलिनेरच्या 'मोंपार्नास' या कवितेच्या ओळी त्याला अशा तुकड्या-तुकड्यानं चार वर्षांत सुचल्या. गाणं 1945 मध्ये पुरं झालं. 1935 पासून तो प्येर बेर्नाक या गायकाबरोबर मैफली करत होता, आणि बेर्नाकचा शब्दोच्चार डोळ्यांसमोर ठेवूनच त्यानं पुढची बहुतेक गाणी लिहिली.

तुम्हाला स्वतः गायची असतील तर उच्चारातली एक गोष्ट: अनुनासिक स्वर ताणताना त्याच्या शेवटी 'न' येऊ देऊ नका, स्वर नाकातच राहू द्या. कोकणी बोलणाऱ्यांना हे विनासायास जमतं.

ऐकायला सुरुवात फोरेच्या 'क्लेर द ल्यून'नं करा, पण आधी कविता कुणाकडून तरी फ्रेंचमध्ये वाचून घ्या, अर्थ कळला नाही तरी चालेल. मग देब्यूसीची 1891 ची तीच कविता, मग द्यूपार्क, मग राव्हेलचा मोर. गायक निवडायचा तर जेरार सूझे. तो बेर्नाकचाच शिष्य. आणि पुलँक-बेर्नाक जोडीची स्वतःची ध्वनिमुद्रणंही मिळतात, ती सगळ्यात शेवटी ऐका.