ऑपरेशननंतर नुसतं पडून राहवत नाही...

"ऑपरेशन छान झालं, टाके वाळले, डॉक्टर पण खूश आहेत, पण मॅडम, नुसतं पडून राहवत नाही हो, जीव कासावीस होतो." समुपदेशक म्हणून हे इतक्या जणांकडून ऐकलंय की यावर एकदा लिहायचंच होतं. घरचे म्हणतात आराम मिळालाय तर कर ना, टीव्ही बघ, नामस्मरण कर. त्याने त्या माणसाला अजूनच एकटं वाटतं, कारण माझ्या अनुभवात तो कंटाळा नसतोच, ती भीती असते, आणि कसली ते त्याचं त्यालाही कळलेलं नसतं.

एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारून आणि ओळख कळणार नाही इतपत बदल करून. वय 58, पुण्यात घर, गच्चीवर 80 कुंड्या. पिशवीचं ऑपरेशन उन्हाळ्यापासून पुढे ढकलत होत्या, शेवटी गौरी-गणपती उरकले आणि मग ॲडमिट झाल्या. सहा आठवडे वजन उचलायचं नाही असं सर्जननी बजावलेलं, आणि बाराव्या दिवशी पहाटे साडेपाचला सुनेने त्यांना जिन्यात गाठलं, हातात भरलेली झारी. दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो झाले, आणि वरचे टाके वाळले तरी आतलं भरून यायला बराच जास्त वेळ लागतो. मुलाने घाबरून मला फोन केला.

सेशन्स व्हिडिओ कॉलवर झाले. पहिल्या वेळी ताई माझ्याकडे कमी आणि छताकडे जास्त बघत होत्या, वर सून चालत असली की पावलांवरून त्यांना कळायचं ती कुठल्या रांगेत आहे ते.

"सून पाणी घालते ना?"

"घालते, पण बदाबदा ओतते. मुळं कुजणारच. आणि ऑक्टोबर लागलाय, गुलाबाची छाटणी झालीच पाहिजे आणि ती मलाच करावी लागते, नाहीतर वर्ष गेलंच म्हणून समजा."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची. माणूस घटनेने तितका अस्वस्थ होत नाही, जितका 'हे असंच व्हायला पाहिजे' या स्वतःच्या हट्टाने होतो, हे ते 1955 पासून मांडत राहिले. आपल्या मराठीत तो हट्ट चक्क एका अक्षरात सापडतो. ताईंना म्हटलं, दोन दिवस मनात येईल ते वहीत लिहा आणि जिथे 'च' येईल तिथे गोल करा, बाकी काही नको.

पुढच्या वेळेआधी व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला. लाल पेनाने 11 गोल. त्यातलं एक वाक्य मी कॉलवर मोठ्याने वाचलं, "माझ्याशिवाय झाडं जगणारच नाहीत."

"ताई, तीन आठवडे होऊन गेले. किती झाडं गेली?"

पंख्याचा आवाज येत होता फक्त.

"एक पण नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "काल जास्वंदीला नऊ फुलं आली होती. ताटलीत घालून दाखवायला आणली तिने." आणि रडायला लागल्या.

इथे नवीन समुपदेशक घाईने समजूत घालायला जातो, मीही जायचे पूर्वी. इतक्या वर्षांत एक शिकलेय, अशा वेळी गप्प बसायचं. मी बसले. डोळे पुसून त्याच म्हणाल्या, "झाडं मरतील म्हणून नाही हो मॅडम. ती जगली म्हणून."

मला अजून तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. मुलगा मोठा झाला, सून आली, स्वयंपाकघर अर्धं तिच्याकडे गेलं, ताईंची म्हणावी अशी एक गच्ची उरली होती, तिथेही आपल्यावाचून अडत नाही हे पलंगावर पडल्या पडल्या दिसलं. म्हणून पहाटेची झारी. पाणी झाडांना नकोच होतं, रात्री पाऊस झाला होता.

त्यानंतर आम्ही फार काही केलं नाही. पलंग खिडकीला लावून घेतला. 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या 46 पेशंटचा अभ्यास छापला होता, ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, पेनकिलरचे जोरदार डोस कमी लागले आणि घरीही थोडं लवकर सोडलं. ताईंच्या खिडकीतून शेजारच्यांचा कडुनिंब दिसायचा, चालला. एक छोटी कुंडी हाताशी टेबलावर, तीही सुनेने आणून ठेवलेली. आणि दिवसातून एक गोष्ट सुनेला शिकवायची, बोट एका पेरापर्यंत मातीत घालून ओल कशी बघायची, पिठ्या ढेकूण पानामागे कुठे बसतो, असं.

घरच्यांनो, तुम्हाला एकच सांगते, "तू काळजी करू नकोस, आम्ही बघतो सगळं" हे वाक्य प्रेमाचं आहे पण अशा माणसाला ते टोचतं. त्यापेक्षा त्याला काहीतरी विचारा, खरंच अडलेलं विचारा. आणि उदासी, झोप न लागणं, खाण्यावरची वासना जाणं हे सलग दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना सांगा, ताप, जखमेतून पू किंवा रक्त असं काही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे.

ऑक्टोबरच्या शेवटी डॉक्टरांनी जिना चढायला हो म्हटलं. ताई गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या, कात्री सुनेच्या हातात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बघायचा, त्याच्या वर पाव इंच सोडून तिरका काप. शेवटच्या कॉलला मला सांगत होत्या, "एक फांदी तिने आतल्या डोळ्यावर कापली. मी बघितलं मॅडम. आणि बोलले नाही."

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी गुलाबाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, तीच फांदी.