कुलूपबंद घरं

बेटा,

रविवारी तू गेलीस आणि तुझा चहा अर्धा कपात तसाच राहिला. तुझं एक वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. "सर, तिथे एकही पेशंट नसतो. मग मी डॉक्टर उरते का?"

बीडीएस झालीस, दातांची डॉक्टर. मोठ्या शहरातल्या विद्यापीठाच्या स्कूल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये नंबर लागला. शहर मोठं, फी त्याहून मोठी. घरचे म्हणतात एमडीएस कर, धरमपेठेत खुर्ची टाक. तू हुशार आहेस, जमेल तुला, असलं काही मी लिहीत बसत नाही. ते दोघांनाही ठाऊक आहे.

पेशंट म्हणजे अंश, बाई. दवाखान्याची पायरी चढून जो आला तो अंश. पाच वर्षं तू अंश शिकलीस. आता छेद शिकायला निघाली आहेस: किती जणांतून तो एक आला, आणि जे आलेच नाहीत ते कोण. शाळेतलं गणित आहे. छेद माहीत नसेल तर अंशाला काही अर्थ नाही. मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवण्याच्या माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार एवढंच, आणि मी ते तुला परत परत सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

डॉ. राणी बंगांचं काम घे. त्या आणि डॉ. अभय बंग, दोघंही आपल्या नागपूरच्या मेडिकलचे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पब्लिक हेल्थ शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत काम उभं केलं. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघालं. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता सांग, दवाखान्यात बसून ओपीडीचं रजिस्टर चाळलं असतं तर काय दिसलं असतं? डॉक्टर उरते का म्हणतेस! त्या गावात खरा डॉक्टर कोण होता?

डॉक्टर जॉन स्नोची गोष्टही तुला तिथे पहिल्याच आठवड्यात सांगतील. लंडन, १८५४, कॉलरा, ज्याच्या पाण्यातून साथ पसरली तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप, आणि त्याचा काढून टाकलेला दांडा. सगळ्यांना तो दांडा आवडतो. मला त्याच वर्षीचं त्याचं दुसरं काम आवडतं, ज्यात नाट्य काहीच नाही. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीची ४०,०४६ घरं, त्यांत १,२६३ मृत्यू. लॅम्बेथ कंपनीची २६,१०७ घरं, मृत्यू ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. घरांची संख्या सरकारी कागदांत होती, पण मेलेला माणूस कोणाचं पाणी प्यायचा हे दारात जाऊनच विचारावं लागे. भाडेकरूंना ते माहीतच नसे, कारण पाण्याचे पैसे मालक भरायचा. मग हा गडी त्या घरातलं पाणी घेई, त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकी आणि खारटपणावरून कंपनी ओळखी. भाडेकरूला माहीत नाही म्हणून स्नोने ते घर मोजणीतून सोडून दिलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण मी सोडून दिलं होतं.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. शहराच्या कडेच्या एका वस्तीत काविळीची साथ आली. नळाची लाइन गटारातून गेलेली. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, तेच झालं होतं. आम्ही घरोघर सर्व्हे केला. सकाळी दहा ते दोन, कारण जीप तेवढाच वेळ मिळायची. जिथे कुलूप, तिथे भिंतीवर खडूने 'कुलूप' लिहायचं आणि पुढे व्हायचं. अहवाल करताना ती सगळी घरं मी छेदातून वजा केली. टक्केवारी सुबक आली. वरच्यांनी शाबासकीही दिली.

कुलूप काहून होतं? तर नवरा-बायको दोघंही सकाळी सातला बांधकामावर जायचे, परत यायला रात्रीचे आठ. रेशन कार्ड गावाकडचं, मतदार यादीत नाव नाही, घर भाड्याचं. त्यातल्या एका घरात सातव्या महिन्यातली बाई होती. ही पाण्यातून येणारी कावीळ, हेपॅटायटिस ई, गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, किती भारी पडतो हे मी वर्गात शिकवत होतो. डोळे पिवळे घेऊन ती विटा वाहत राहिली. माझ्या आकड्यांत ती आली ती थेट मृत्यूच्या रकान्यात. नाव मला आजही पाठ आहे, इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी विद्यार्थ्यांना रात्री नऊला बंद घरांवर पाठवू लागलो. पोट्ट्यांनी माझं नाव 'कुलूप सर' ठेवलं. पालकांच्या तक्रारी वर गेल्या, मला बोलावून समज दिली. एका मुलाने तीस घरांचे फॉर्म चहाच्या टपरीवर बसून भरले होते. सगळ्या तीस घरांत नेमकी पाच-पाच माणसं! मी त्याला नापास केलं, त्याचं वर्ष गेलं. सौ. अजून म्हणते, तुम्ही फार ताणलं. ताणलं असेन. पण त्याला तसंच सोडलं असतं तर मी माझाच तो जुना अहवाल दुसऱ्यांदा सही करून दिला असता. बरोबर होतो मी. वर्षभराचं नुकसान मोठं असतं, हेही खरं. तो मुलगा पुढे कधी भेटला नाही.

असो, विषय तुझा आहे. त्या स्कूलमध्ये एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोग लोकांत कसा पसरतो ते, शीक, बायोस्टॅट, म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, तर घासून शीक, सॉफ्टवेअरची भीती ठेवू नकोस. पण पहिल्या महिन्यात तिथे एक प्रश्न विचार: आपल्या स्कूलच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत कोणी जातं का? ही जुनी रीत आहे. हॉपकिन्सचं स्कूल १९१६ चं. १९३२ मध्ये त्यांनी शहराच्या आरोग्य खात्याबरोबर पूर्व बाल्टिमोरचा भागच कामासाठी आखून घेतला. त्याच वर्षी कोलकात्यात आपली हायजीन अँड पब्लिक हेल्थची संस्था निघाली, तिनेही पुढे सिंगूरला आरोग्य केंद्र चालवलं. (आपल्या नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं १९५८ मधलं मूळ नावही सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट होतं. १९७४ मध्ये नाव बदललं आणि त्यातलं पब्लिक हेल्थ गेलं. मला अजून चुटपुट लागते.)

आणि तुझा तो डेंग्यूचा नकाशा. लॅपटॉपवर दाखवलास तेव्हा मी काही बोललो नाही, तुला वाटलं आवडला. रंग छान आहेत. पण पश्चिम नागपूर लालभडक आणि कळमना-पारडीकडे पांढरं, हा डेंग्यूचा नकाशा आहे की खासगी लॅबचा? ज्याला तपासणीचे पैसे परवडले तो लाल ठिपका झाला. छेद कुठे आहे, बाई? छेद!

तू गेल्यावर चिडून बॅटरी घेतली आणि मागच्या व्हरांड्यातला कूलर उघडला. जून संपला की आपण पंखा बंद करतो, टाकीतलं पाणी कोण काढतो? उजेड टाकला तर अळ्या वळवळत खाली बुडाल्या. माझ्याच घरात! पाणी ओतलं, मग नारळाच्या शेंडीने टाकीच्या कडा घासल्या, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. मग काल-परवात आमच्या गल्लीतले सगळे कूलर पाहून आलो. अठरा घरं. सोळा बघून झाली, चारांत अळ्या, माझं धरून. दोन घरांना कुलूप आहे. एका घरी मुलं पुण्याला नेऊन बसलीत आईवडिलांना, चावी शेजारच्या काकूंकडे. दुसऱ्यात नर्सिंगची तीन पोरं भाड्याने राहतात, रात्रपाळी करतात, दिवसा दार वाजवलं तर उठत नाहीत.

चार भागिले सोळा, पंचवीस टक्के, असं तू पटकन मांडशील. मांडू नकोस अजून. शनिवारी संध्याकाळी सहाला ये, ती पोरं ड्यूटीला निघायच्या आधी. बॅटरी मोठी आण, माझीचे सेल उतरलेत.

तुझा,
कुलूप सर